ट्यूब अ‍ॅम्पचा बायस: कधी लावायचा, कसा लावायचा आणि त्याने हेडरूम किती बदलतं

गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प नवा घेतला की थोड्याच दिवसांत दोन प्रश्न पडतात. क्लीन आवाज इतक्या लवकर का फाटतो? आणि बायस ‘थंड’ केला, म्हणजे गिटार वाजत नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह कमी केला, तर हेडरूम, म्हणजे आवाज फाटायच्या आधी मिळणारी जागा, वाढेल का? दुसऱ्या प्रश्नाला हमखास ‘हो, भरपूर’ असं उत्तर मिळतं. मग माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन चासी उघडतो.

ते उत्तर अर्धवट आहे. बायसने हेडरूम बदलतं, पण इतकं थोडं की तेवढ्यासाठी चारशे व्होल्टच्या शेजारी हात घालण्यात अर्थ नाही. बायस नीट लावायचा तो दुसऱ्या दोन कारणांसाठी. हळू वाजवताना आणि स्वर विरताना आवाजाचा पोत त्यावर ठरतो, आणि पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला शक्ती देणाऱ्या शेवटच्या ट्यूब, किती दिवस टिकणार तेही त्यावरच ठरतं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

उदाहरणाला सगळीकडे फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब घेतला आहे. त्याचं एबी७६३ हे सर्किट इतक्या अ‍ॅम्पमध्ये उतरलं आहे की ते कळलं तर निम्मे अ‍ॅम्प कळतात. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, २२ वॉट, प्लेटवर साधारण ४१५ व्होल्ट (प्लेट, कॅथोड, ग्रिड म्हणजे काय ते भाग २ मध्ये).

१. तुमच्या अ‍ॅम्पला बायस लावावा लागतो का, ते आधी बघा

बरेच जण इथेच फसतात. अ‍ॅम्प तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार कॅथोड बायसचा. व्हॉक्स एसी३० किंवा फेंडरचा १९५०च्या दशकातला ५ई३ डिलक्स यांत पॉवर ट्यूबच्या कॅथोडखाली एक रेझिस्टर असतो आणि तोच बायस सांभाळतो. प्रवाह वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, ट्यूब आपोआप आवरली जाते. फिरवायला काही नसतं. ट्यूब बदला आणि वाजवा. मोजून बघितलं तर चांगलंच, पण दर वेळी ‘बायस करायचे पैसे’ देण्याची गरज नाही.

दुसरा प्रकार फिक्स्ड बायसचा, म्हणजे ग्रिडला बाहेरून ठरावीक ऋण व्होल्टेज देणारा, पण आत पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) नसलेला. मेसा बूगीचे अ‍ॅम्प यासाठी प्रसिद्ध आहेत. कंपनीने ठरवलेल्या पट्ट्यात बसणाऱ्या ट्यूब घ्यायच्या, एवढंच तुमच्या हातात.

तिसरा प्रकार फिक्स्ड बायस आणि आत पॉट. डिलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब आणि मार्शलचे बहुतेक मोठे हेड यात येतात. नावात ‘फिक्स्ड’ असलं तरी हाच फिरवता येतो. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी.

एक पोटप्रकारही ध्यानात ठेवा. सिल्व्हरफेस, म्हणजे चंदेरी पॅनेलच्या काळातल्या काही फेंडरमध्ये जो पॉट दिसतो, तो बायस कमी-जास्त करत नाही. तो दोन बाजूंचा तोल साधतो. तो फिरवला की एका ट्यूबचा प्रवाह वाढतो, दुसरीचा घटतो आणि ‘बायस लागतच नाही’ म्हणून माणूस हैराण होतो. स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, बघितल्याशिवाय पॉटला हात लावू नका.

आणि प्रीअ‍ॅम्पमधली, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या भागातली, १२एएक्स७ ट्यूब बदलली तर बायस लावावा लागत नाही. कोणी लावून देतो म्हणाला तर दुसरा मेकॅनिक शोधा.

२. ट्यूबच्या आत काय चाललंय

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. हा कळला की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

ट्यूबमध्ये कॅथोड तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. प्लेटवर मोठं धन व्होल्टेज असल्याने ते तिकडे धावतात. मधे ग्रिडची जाळी असते. ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी ऋण, तितका प्रवाह कमी. डिलक्स रिव्हर्बमध्ये ग्रिडवर साधारण उणे ३५ व्होल्ट देतात. गिटार वाजत नसतानाही ट्यूबमधून थोडा प्रवाह चालू राहावा, इतकंच ते व्होल्टेज असतं. त्या प्रवाहाला आयडल करंट म्हणतात, आणि तो ठरवणं म्हणजेच बायस लावणं.

आता सिग्नल आला. ग्रिड उणे ३५ वरून वर-खाली होऊ लागते. सिग्नलचं शिखर ३५ व्होल्टचं झालं की ग्रिड शून्यावर पोचते. तिथून पुढे ग्रिड स्वतःच प्रवाह ओढायला लागते आणि लाटेचा माथा चपटा होतो. हीच हेडरूमची वरची मर्यादा.

मग बायस उणे ४० केला तर? माथा कापला जायला आता ४० व्होल्टचं शिखर लागेल. म्हणजे व्हॉल्यूमची मूठ थोडी आणखी पुढे नेता येईल. ‘थंड बायस म्हणजे जास्त हेडरूम’ ही समजूत इथूनच आली. पण हिशोब करा. ३५ वरून ४० म्हणजे जेमतेम १.२ डेसिबल. कानाला हा फरक धड कळतही नाही. त्यातून हे वाढलं ते फक्त ट्यूबला द्यावं लागणारं इनपुट. स्पीकरला मिळणारी कमाल शक्ती प्लेटचं व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांवर ठरते, आणि ती जवळपास होती तिथेच राहते.

तुलनेसाठी, २२ वॉटचा डिलक्स सोडून ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब घेतला तर सुमारे ६ डेसिबल मिळतात. चौपट वॉट, दीडपट वजन आणि तरी सहाच. पॉटच्या पाव फेऱ्यात काय हाती लागेल, याचा अंदाज यावरून यावा.

थंड बायसची किंमत मात्र मोठी असते. पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्यूब उचलते, खालचा दुसरी. पालखीचा खांदा बदलताना पहिल्याने सोडायच्या आधी दुसऱ्याने धरलेलं असावं लागतं, तसं शून्याच्या आसपास दोन्ही ट्यूब थोडा वेळ एकत्र चालू असाव्या लागतात. बायस फार थंड केला की त्या क्षणी दोघी बंद असतात आणि लाटेत खाच पडते. हे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. ते मोठ्या आवाजात कमी आणि हळू वाजवताना जास्त बोचतं. कॉर्ड विरत जाताना शेपटीला एक कोरडी खरखर येते. म्हणजे क्लीन आवाजासाठी बायस थंड केला आणि क्लीन आवाजच नासला.

उलट बायस गरम ठेवला तर दोन ट्यूबमधली ही देवघेव मऊ होते, आवाज भरीव लागतो आणि ब्रेकअप, म्हणजे आवाज फाटणं, किंचित आधी येतो. ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असेल तर जोरात वाजवल्यावर पुरवठ्याचं व्होल्टेज थोडं खचतं आणि बोटांखाली दबल्यासारखं वाटतं. फार गरम केलात तर प्लेट लाल होते आणि ट्यूब संपते.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. अ‍ॅम्प खूप जोरात ढकलला की ग्रिड प्रवाह ओढते आणि मागचा, सिग्नल आणून देणारा कपलिंग कॅपॅसिटर चार्ज होतो. त्यामुळे वाजवत असतानाच बायस आणखी ऋण होत जातो. म्हणून ओव्हरड्राइव्हमध्ये अ‍ॅम्प नुसत्या आयडलवर मोजलेल्या बायसपेक्षा नेहमी थंड असतो. आधीच थंड लावलेला अ‍ॅम्प ढकलला तर आवाज फसफसतो, जाड तारेचे स्वर गुदमरतात. ‘माझ्या अ‍ॅम्पचा ओव्हरड्राइव्ह घाण येतो’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं, आणि लोक दोष पेडलला देतात.

३. तेच नाव, त्याच ट्यूब, पण आवाज वेगळा

फेंडरचे दोन डिलक्स शेजारी ठेवले की बायसचा वाटा किती, ते लख्ख दिसतं. १९५०च्या दशकातला ५ई३ आणि १९६०च्या दशकातला एबी७६३. दोन्हींत दोन ६व्ही६.

५ई३ मध्ये कॅथोड बायस आहे. दोन्ही ट्यूबना मिळून २५० ओहमचा एक रेझिस्टर, प्लेटला साधारण ३५० व्होल्ट. दोन्हींतून मिळून ७५ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह असला तर त्या रेझिस्टरवर १९ व्होल्ट उभे राहतात. म्हणजे ट्यूब आयडललाच आपल्या मर्यादेजवळ तापलेली असते. जोरात वाजवलं की सरासरी प्रवाह वाढतो, कॅथोडचं व्होल्टेज चढतं, ट्यूब स्वतःला आवरते आणि आवाज दाबल्यासारखा होतो. व्हॉल्यूम अर्ध्यावर यायच्या आधीच तो गुरगुरायला लागतो.

एबी७६३ मध्ये बायस फिक्स्ड, पण बदल तेवढाच नाही. प्लेटचं व्होल्टेज ६० ते ७० ने जास्त, फेज इन्व्हर्टर (दोन ट्यूबना सिग्नल उलटसुलट वाटणारी स्टेज) वेगळ्या धाटणीचा, वर निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं). या सगळ्यांनी मिळून त्याला हेडरूम दिलं. म्हणून ५ई३ चा मालक ‘बायस बदलून क्लीन करून द्या’ म्हणत आला, तर त्याला खरं तर दुसरा अ‍ॅम्प हवा असतो.

४. काय काय लागेल

- तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच आवृत्तीचं स्किमॅटिक. एकाच नावाखाली कंपन्या सर्किट बदलत राहतात. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये ट्यूब चार्टवर सर्किटचा क्रमांक सापडतो.
- पॉवर ट्यूबची डेटाशीट. त्यातला एकच आकडा हवा: कमाल प्लेट डिसिपेशन, म्हणजे प्लेटला उष्णतेच्या रूपात झेपणारी कमाल शक्ती.
- दोन मल्टिमीटर असले तर उत्तम. प्लेटचं व्होल्टेज मोजणारा निदान ६०० व्होल्ट डीसीचा आणि कॅट ३ या सुरक्षा दर्जाचा हवा. फुटपाथवरचा पिवळा मीटर बॅटरी बघायला ठीक, इथे नको.
- बायस प्रोब. ट्यूब आणि सॉकेट यांच्या मधे बसतो आणि प्रवाह दाखवतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा, कारण सोल्डरिंग लागत नाही.
- प्रोब नसेल तर प्रत्येक पॉवर ट्यूबसाठी १ ओहम, १ टक्का अचूकतेचा, १ वॉटचा रेझिस्टर.
- कॅपॅसिटर रिकामे करायला १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर. त्याच्या टोकांना जाड इन्सुलेशनच्या वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप.
- इन्सुलेटेड दांड्याचा छोटा स्क्रू ड्रायव्हर, वही आणि पेन.

रेझिस्टर, क्लिपा आणि मीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. ट्यूब मात्र बहुधा ऑनलाइनच मागवाव्या लागतात. घेताना जुळवलेली जोडी घ्या. दोघींच्या प्रवाहात दोन-तीन मिलिअँपिअरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर गुणगुण वाढते, कारण पुश-पुलमध्ये आपसूक खोडली जाणारी घरघर मग पूर्ण खोडली जात नाही.

५. जिवाची काळजी

इथे विनोद नाही. डिलक्स रिव्हर्बच्या आत चारशेच्या वर डीसी व्होल्ट असतात, मोठ्या मार्शलमध्ये त्याहून जास्त. प्लग काढला तरी फिल्टर कॅपॅसिटर ते धरून ठेवतात.

चासी उघडल्यावर पहिलं काम कॅपॅसिटर रिकामे करणं. १० किलोओहमच्या रेझिस्टरची एक क्लिप चासीला लावा आणि दुसरं टोक इन्सुलेटेड भागाला धरून कॅपॅसिटरच्या धन टोकाला मिनिटभर टेकवा. मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ‘फट्’ आवाज काढणारे उस्ताद भेटतील. त्यांचं ऐकू नका.

चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना एक हात खिशात. काळी प्रोब क्लिपने चासीला लावून टाकायची आणि लाल प्रोब एकाच हाताने हलवायची. पायात रबरी तळव्याची चप्पल, अंगठी आणि कडं काढलेलं. खोलीत दुसरं माणूस असावं आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला ठाऊक असावं. सॉकेटचं अर्थिंग आधी तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरी पिन नुसती शोभेची असते.

स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजीचा रेझिस्टर) जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो या अ‍ॅम्पच्या महागड्या भागांपैकी एक.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर मेकॅनिककडे जा. त्यात कमीपणा काही नाही. त्याच्याशी नेमकं बोलता येण्यासाठीही पुढचं वाचा.

६. आकडा काढा

फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पसाठी चालत आलेला नियम असा: आयडलला प्लेटवर जळणारी शक्ती ट्यूबच्या कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांपुढे जाऊ नये. ही वरची हद्द आहे. तिथे पोचलंच पाहिजे असं नाही, हे लोक विसरतात.

कमाल मर्यादा: ६व्ही६जीटीची १२ वॉट, नंतरच्या डेटाशीटमध्ये १४. ईएल८४ची १२. ईएल३४ची २५. ६एल६जीसीची ३०.

सूत्र सोपं. मर्यादेचे ७० टक्के काढा आणि प्लेटच्या व्होल्टेजने भागा.

६व्ही६, १२ वॉट, ४१५ व्होल्ट: ८.४ वॉट भागिले ४१५, म्हणजे सुमारे २० मिलिअँपिअर. १४ वॉट धरले तर साडेतेवीस.

ईएल३४, ४६० व्होल्ट: १७.५ वॉट, म्हणजे ३८ मिलिअँपिअर.

६एल६जीसी, ४६० व्होल्ट: २१ वॉट, म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. माझ्या कानाला ६एल६ ३५ ते ४० मध्येच पुरेशी गोड वाटते. ४५ ला जाऊन फक्त उष्णता वाढते.

‘६एल६ला ३५, ईएल३४ला ३८’ असे तयार आकडे घेऊन बसू नका. कोणाच्या तरी प्लेटवर किती व्होल्ट होते ते माहीत नसेल, तर त्याच्या मिलिअँपिअरचा तुम्हाला उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, कॅथोडवर मोजलेल्या प्रवाहात स्क्रीन या दुसऱ्या ग्रिडचाही प्रवाह मिसळलेला असतो. ६व्ही६ मध्ये तो आयडलला एक-दीड मिलिअँपिअर असतो, ईएल३४ मध्ये तीन ते पाच. प्लेटचा खरा आकडा हवा तर तेवढा वजा करा. नाही केला तरी चूक सुरक्षित बाजूला होते, म्हणून नवख्याने न केलेलंच बरं.

७. मोजा आणि फिरवा

पहिल्यांदा भिंतीवरच्या सॉकेटचं व्होल्टेज मोजून वहीत लिहा. आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि अमेरिकी व्हिडिओंत ते कोणी सांगत नाही. २२० व्होल्टच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीवर) लावलेल्या अ‍ॅम्पला २४० मिळाले तर आतलं सगळंच ९ टक्क्यांनी चढतं. प्लेटचे ४१५ हे ४५० च्या घरात जातात आणि हीटरचे ६.३ व्होल्ट ६.९ होतात. संध्याकाळी गाव दिवे लावतं तेव्हा बायस लावला आणि मध्यरात्री व्होल्टेज चढल्यावर वाजवलं, तर ट्यूब दुसऱ्याच आकड्यावर चालते. चढ-उतार फार असेल तर स्टॅबिलायझर घ्या आणि बायस त्याच्यावरच लावा. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून नेमके किती बाहेर पडतात, तेही मोजा.

पुढे, पॉवर ट्यूब काढून ठेवा, अ‍ॅम्प स्टँडबायवरच ठेवून चालू करा आणि प्रत्येक पॉवर सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर व्होल्टेज बघा. ६व्ही६, ६एल६ आणि ईएल३४ या तिन्हींत ती ग्रिडची पिन आहे. डिलक्समध्ये दोन्हीकडे उणे ३५ च्या आसपास आणि सारखंच दिसायला हवं. एका सॉकेटवर शून्य दिसलं तर तिथे ट्यूब अजिबात बसवू नका. ग्रिडपर्यंत बायस पोचत नाही आणि नवी ट्यूब मिनिटभरात लाल होईल. आधी तो दोष काढा. मग पॉट फिरवून व्होल्टेज जास्तीत जास्त ऋण करून ठेवा, म्हणजे सुरुवात सगळ्यात थंड बाजूने होईल.

अ‍ॅम्प बंद करा, कॅपॅसिटर रिकामे करा, बायस प्रोब लावून ट्यूब बसवा. प्रोब नसेल तर ८ नंबरच्या कॅथोड पिनपासून चासीला जाणारी तार सोडवून मधे १ ओहमचा रेझिस्टर टाका. एकदा टाकला की कायम राहू द्या. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. काही जण मीटर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समांतर लावून प्रवाह मोजतात. त्यात प्रोब घसरली तर थेट प्लेटच्या व्होल्टेजशी गाठ. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सगळ्या व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर जोडलेला. अ‍ॅम्प चालू करा आणि ट्यूबकडे बघत राहा. हीटरचा नारिंगी उजेड नेहमीचा. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी. पण करड्या प्लेटवर मंद लाल डाग उमटू लागला तर तत्क्षणी बंद.

दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मग ३ नंबरच्या पिनवर प्लेटचं व्होल्टेज आणि प्रोबवर प्रवाह, दोन्ही लिहा. पॉट अगदी थोडा फिरवा, थांबा, पुन्हा दोन्ही मोजा. प्रवाह वाढला की प्लेटचं व्होल्टेज काही व्होल्टनी उतरतं, म्हणून गुणाकार दर वेळी नव्याने करायचा. डिलक्समध्ये प्रत्येकी २० ते २१ मिलिअँपिअर आले की थांबा. २१ च्या वाचनातून स्क्रीनचा एक वजा केला तर २० गुणिले ४१५, म्हणजे ८.३ वॉट. १२ वॉटच्या हिशोबाने ६९ टक्के, १४ च्या हिशोबाने ५९. पुष्कळ झालं.

पॉट एका टोकाला जाऊनही आकडा येत नसेल तर पॉटसोबतचा रेझिस्टर बदलून पट्टा सरकवावा लागतो. ते काम जाणत्याकडून करून घ्या.

फेंडरमध्ये ६एल६ काढून ईएल३४ खोचायचा मोह झाला तर थांबा. ईएल३४ मध्ये १ नंबरची पिन सप्रेसर ग्रिडची असते आणि ती ८ नंबरला जोडलेली लागते. फेंडर ६एल६च्या सॉकेटवर तीच रिकामी पिन ग्रिडचा रेझिस्टर टेकवायला वापरतं. नुसती ट्यूब बदलून ते जमत नाही. त्यात ईएल३४चा हीटर जास्त प्रवाह खातो, तो ट्रान्सफॉर्मरला पेलायला हवा.

८. आता मीटर बाजूला ठेवा

आकडा सुरक्षित पट्ट्यात आला की पुढचं कानाने. ५०, ६० आणि ७० टक्के अशा तीन जागा वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी वाजवा.

एक: व्हॉल्यूम तीन-चारवर, नेक पिकअप, एक मोकळी कॉर्ड छेडा आणि ती पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. ऐकायची ती शेपटी. खरखर किंवा तुटकपणा असेल तर बायस थंड आहे. दोन: व्हॉल्यूम सहा-सातवर, जाड ई तारेवर जोरदार फटका. स्वर फसफसला, मागे उरलेला आवाज दबून मग वर आला, तर थोडं गरम करा. आवाज मऊ आणि चिकट वाटला, टोक बोथट झालं, तर थोडं थंड.

गरम बायसवर आवाज किंचित मोठा येतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. तुलना करताना व्हॉल्यूम जुळवून घ्या. ५० आणि ६० मधला फरक बहुतेकांना कळतो. ६० आणि ७० मधला फारसा कळत नाही, म्हणून मी ६० च्या आसपास ठेवतो. ट्यूबही जास्त टिकतात.

९. डिस्टॉर्शन मुळात कुठून येतंय?

मास्टर व्हॉल्यूमचा (प्रीअ‍ॅम्पनंतर एकूण आवाज ठरवणारी मूठ असलेला) अ‍ॅम्प घरात मास्टर दोनवर ठेवून वाजवत असाल, तर तुमचं सगळं डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होतं. पॉवर ट्यूबना घामही फुटत नाही. तिथे पॉवर बायस पाच मिलिअँपिअर इकडे-तिकडे करून ओव्हरड्राइव्हचा बाज बदलत नाही.

प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबना मात्र आपापला बायस असतो आणि खरी गंमत तिथे आहे. फेंडरच्या नेहमीच्या स्टेजमध्ये १२एएक्स७च्या कॅथोडला दीड किलोओहम असतो. साधारण मध्यावरचा बायस, लाट दोन्ही बाजूंना हलायला जागा, म्हणून क्लीन. मार्शलच्या जेसीएम८०० २२०३ मध्ये एका स्टेजला १० किलोओहम आहे. मुद्दाम थंड केलेली ट्यूब. लाटेची एक बाजू फार लवकर कापली जाते, दुसरी नाही, आणि त्या असमान कापण्यातून तो करकरीत रॉक आवाज येतो. सोल्डानोच्या एसएलओ मध्ये हाच रेझिस्टर ३९ किलोओहमपर्यंत नेला आहे. पॉवर ट्यूबमध्ये ज्याला दोष म्हणतो, तोच इथे ठरवून केलेला.

१०. हेडरूमच हवं असेल तर

आधी स्पीकर बघा. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा काढून १०० चा लावला तर अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केल्याइतका फरक पडतो, तोही चासी न उघडता. डिलक्सला दुसरा स्पीकर जोडायचा असेल तर एकूण ओहमचा हिशोब मात्र चुकवू नका.

मग गिटार. पिकअप तारांपासून थोडे खाली घ्या. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

पहिल्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबच्या जागी १२एएक्स७ऐवजी ५७५१ लावता येते. गेनचा आकडा १०० ऐवजी ७०. अ‍ॅम्पची शक्ती वाढत नाही, पण पहिली स्टेज पुढच्यांना कमी ढकलते आणि व्हॉल्यूमची मूठ जास्त कामाची होते. बायस लावायची गरज नाही.

ट्यूब रेक्टिफायर काढून सॉलिड स्टेट लावण्याचा सल्लाही मिळेल. त्याने प्लेटचं व्होल्टेज चढतं, खचणं कमी होतं, हेडरूम थोडं वाढतं. पण कॅपॅसिटरना तेवढं व्होल्टेज झेपतंय का ते बघावं लागतं, आणि लगेच बायस नव्याने लावावा लागतो. पहिल्याच वर्षी या भानगडीत पडू नका.

काम झालं की चासीच्या आत एक चिकटपट्टी लावा: तारीख, सॉकेटचं व्होल्टेज, प्लेटचं व्होल्टेज, प्रत्येक ट्यूबचा प्रवाह. नव्या ट्यूब थोड्या सरकतात, म्हणून काही तास वाजवून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा आणि दुसरी ओळ लिहा. पुढच्या वेळी एकाच ट्यूबचा आकडा घसरलेला दिसला, तर दोन्ही सॉकेटमधल्या ट्यूबची अदलाबदल करून मोजा. घसरलेला आकडा ट्यूबबरोबर गेला तर ट्यूब म्हातारी झाली. सॉकेटपाशीच राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे, आणि नवी जोडी मागवण्याआधी तो शोधायचा.